पहिला पाट : सुरतेतल्या घरात सुतारकामाची सुरुवात

एप्रिलमधली दुपार होती. घरात पंख्याचा तेवढा आवाज होता, आणि देवघरासमोरच्या पाटातून एकदम ‘टक्’ असं काहीतरी वाजलं. जवळ जाऊन पाहिलं तर पाटाच्या एका टोकापासून लाकडाच्या रेषेच्या दिशेनं वीतभर चीर गेली होती. हा पाट मी आठ महिन्यांपूर्वी, भर श्रावणात स्वतः केला होता. माझ्या हातची ती पहिलीच वस्तू. फळी चांगल्या सागवानाची होती. खालच्या दोन आडव्या पट्ट्या फेव्हिकॉल लावून, वर चार-चार स्क्रू आवळून अगदी जाम बसवल्या होत्या. त्या जाम बसवल्या, हीच माझी चूक होती.

त्या चिरेनं मला जे शिकवलं ते हौसेनं सुतारकाम करू पाहणाऱ्या प्रत्येकाला आधीच सांगावं, म्हणून हा लेख. सुरुवात करणारे बहुतेक जण हत्यारांच्या दुकानापासून सुरुवात करतात. मी म्हणेन, लाकडापासून करा. लाकूड कसं वागतं हे कळलं की कोणतं हत्यार हवं, कोणता सांधा कुठे चालेल, पॉलिश कधी लावायचं, या सगळ्याची उत्तरं त्यातूनच मिळत जातात.

लाकूड चालतं

झाड तोडलं, फळ्या पाडल्या, रंधा मारला, पॉलिश केलं, तरी लाकूड हवेतला ओलावा घेत आणि सोडत राहतं. ओलावा घेतला की फुगतं, सोडला की आकसतं. जुने मिस्त्री याला ‘लाकूड चालतं’ म्हणतात, आणि तो शब्द अगदी नेमका आहे.

हे चालणं सगळ्या दिशांना सारखं नसतं. लांबीत, म्हणजे रेषेच्या दिशेनं, लाकूड जवळजवळ हलतच नाही. रुंदीत मात्र हलतं. त्यातही ओंडक्याच्या वर्तुळांना स्पर्श करत कापलेली फळी, केंद्रातून आरपार कापलेल्या फळीच्या साधारण दुप्पट हलते. फळीचं टोक पाहिलं की हे ओळखता येतं. टोकावर कमानीसारख्या आडव्या रेघा दिसल्या तर ती फळी जास्त हलणार. रेघा उभ्या, पृष्ठभागाला काटकोनात असल्या तर कमी.

सुरतेत पावसाळ्याच्या चार महिन्यांत साधारण बाराशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि समुद्रही जवळ आहे. मग मार्च ते मे हवा तापते. फूटभर रुंदीच्या सागवानी फळीत पावसाळा आणि उन्हाळा यांत दोन-तीन मिलिमीटरचा फरक सहज पडतो. आकडा छोटा वाटतो. पण फळीला आकसायला जागाच दिली नाही, तर ती स्वतःला चिरून ती जागा करून घेते. पावसाळ्यात दार चौकटीत घासतं आणि दिवाळीनंतर मोकळं होतं, हे आपण सगळ्यांनी घरी पाहिलं आहे. त्यामागे हेच कारण आहे.

इथल्या लोकांना आणखी एक दाखला आठवत असेल. ऑगस्ट २००६ मध्ये तापीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा भुश्शाच्या दाबलेल्या बोर्डाची कपाटं पाण्यानं फुगली ती फुगलीच, पुन्हा आकारात आली नाहीत. भरीव लाकूड फुगतं, पण सावकाश सुकू दिलं तर बरंचसं मूळपदावर येतं. दोन्ही वस्तूंना दुकानात ‘फर्निचर’च म्हणतात, पण त्यांचा स्वभाव वेगळा.

लाकूड आणायचं कुठून

पहिल्या दोन-तीन वस्तूंसाठी सागवान आणू नका. माझं मन मोडलं त्यात महागाची फळी वाया गेल्याचं दुःखही होतंच.

सरावासाठी सगळ्यात सोयीचं लाकूड म्हणजे पाईन. यंत्रमागांच्या या शहरात बाहेरून येणारी यंत्रं पाईनच्या खोक्यांत आणि पॅलेटवर येतात. उधना, पांडेसरा, सचिन या औद्योगिक भागांतल्या भंगारवाल्यांकडे अशा फळ्या मिळतात. घेताना त्यावरचा शिक्का पाहा. आंतरराष्ट्रीय मालवाहतुकीच्या लाकडावर गव्हाच्या ओंबीचं चित्र आणि शेजारी इंग्रजी अक्षरं असतात. ‘एचटी’ म्हणजे कीड मारण्यासाठी लाकूड तापवलेलं आहे, ते घ्या. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. ते घरात आणू नका. शिक्काच नसेल किंवा तेल-रसायनाचे डाग असतील तर तेही सोडून द्या.

दुसरा मार्ग जुन्या लाकडाचा. जुनी घरं पाडली जातात तेव्हा त्यांच्या चौकटी, तुळया, जिन्याच्या पायऱ्या विक्रीला येतात. हे सागवान पन्नास-पाऊणशे वर्षं मुरलेलं असतं. मात्र त्यात तुटके खिळे दडलेले असतात. रंधा लावण्याआधी एक चांगला लोहचुंबक पृष्ठभागावरून फिरवा. एक खिळा चुकला तर रंध्याच्या पात्याला खाच पडते आणि ती काढायला तासभर दगडावर घासावं लागतं.

वखारीत जाल तेव्हा हिशोब येत असावा. लाकूड घनफुटावर विकतात. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घ्या, तिन्हींचा गुणाकार करा आणि १४४ नं भागा. सहा फूट लांब, आठ इंच रुंद, दीड इंच जाड फळी म्हणजे बरोबर अर्धा घनफूट. करवतीच्या मापाची एक इंच जाडी रंधा मारल्यावर वीस-बावीस मिलिमीटर उरते, हे गृहीत धरूनच नकाशा काढा.

सागवान घेताना फळीची कड पाहा. आतला गाभा सोनेरी-तपकिरी असतो, सालीकडचा पट्टा फिका पिवळट. सागाला वाळवी लागत नाही अशी जी ख्याती आहे ती गाभ्याची आहे. त्या फिक्या पट्ट्याला कीड लागते. तो काढून टाका, किंवा तेवढी किंमत कमी करून घ्या. वलसाडी साग म्हणून जो ओळखला जातो तो आपल्या दक्षिणेकडच्या आणि डांगच्या जंगलांचा. सागाच्या तोडीवर आणि वाहतुकीवर वनखात्याचे नियम आहेत, म्हणून लाकूड नेहमी बिलासह, नोंदणी असलेल्या वखारीतूनच घ्या. कोणी स्वस्तात, बिलाशिवाय देत असेल तर ते कुठून आलं असेल हे विचारायची गरज नाही.

भाषेबद्दलही थोडं. इथे वखारीला आणि हार्डवेअरच्या दुकानात गुजराती शब्द चालतात. आपली पटाशी म्हणजे त्यांची ‘फरसी’, रंधा म्हणजे ‘रंधो’. करवत आणि कानस हे शब्द दोन्हीकडे सारखेच. शब्द बरोबर आले की दुकानदार नवखा समजून काहीही गळ्यात मारत नाही.

आणलेली फळी लगेच कापू नका. घरात जमिनीपासून वर, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून, दोन-तीन आठवडे आडवी पडू द्या. ती आपल्या घराच्या हवेला रुळली का, हे कळायला यंत्र लागत नाही. फळीचा एक छोटा तुकडा कापून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दर तीन-चार दिवसांनी तोला आणि वजन भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. वजन उतरायचं थांबलं की फळी कामाला तयार.

हत्यारं थोडी, पण धारदार

यादी छोटी आहे. एक बारीक दातांची हातकरवत. ६, १२ आणि २५ मिलिमीटरच्या तीन पटाश्या. एक मध्यम लोखंडी रंधा. गुण्या, एक फुटी स्टीलची पट्टी, कडेला समांतर रेघ मारायचं मार्किंग गेज. लाकडी मोगरी, चार क्लॅम्प, आणि धार लावायचा दोन बाजूंचा दगड. एवढ्यावर पाट, चौरंग, पेटी, छोटी मांडणी, सगळं होतं. विजेचं हत्यार घ्यायचंच असेल तर आधी ड्रिल घ्या.

या यादीत सगळ्यात महत्त्वाचा आहे तो दगड. दुकानातून आणलेली पटाशी धारदार नसते, ती फक्त त्या आकाराची असते. पहिली गोष्ट म्हणजे तिची पाठ सपाट करा. पाठ दगडावर पूर्ण टेकवून, टोकाकडचा बोटभर भाग आरशासारखा होईपर्यंत घासा. हे काम एकदाच करावं लागतं. मग उताराची बाजू. उतार साधारण २५ अंशांचा असतो. धारेच्या टोकाला तीस अंशांवर घासा. आधी खरखरीत बाजू, मग बारीक. पाठीमागून बोट हळूच धारेच्या बाहेरच्या दिशेनं नेलं की पूर्ण रुंदीभर बारीक कंगोरा लागला पाहिजे. तो लागला म्हणजे घासणं धारेपर्यंत पोचलं. आता पाठ एकदा दगडावर फिरवून तो कंगोरा काढा आणि चामड्याच्या जुन्या पट्ट्यावर दहा-बारा वेळा ओढा. परीक्षा अशी घ्या : पाईनच्या तुकड्याचं टोक, जिथे रेषा संपतात तिथे, हाताच्या दाबानं कापा. चकचकीत काप निघाला तर धार आली. पांढरट, चुरगळलेला निघाला तर पुन्हा दगडाकडे.

सुरतेत हे शिकणं एका अर्थी सोपं आहे. आपल्या शेजारीपाजारी, नात्यात कोणी ना कोणी हिऱ्याच्या घंटीवर, म्हणजे पैलू पाडायच्या चाकावर, बसणारं असतं. कोन हातात कसा धरायचा, दाब कधी कमी करायचा, डोळ्यानं चकाकी कशी वाचायची, हे त्या माणसाच्या बोटांत आयुष्यभर मुरलेलं असतं. मला पटाशीचा कोन स्थिर धरायला एका रत्नकलाकार शेजाऱ्यानं शिकवलं. ‘मनगट बांधून ठेवा, हालचाल खांद्यातून येऊ द्या,’ एवढंच ते म्हणाले. आठवडाभरात फरक पडला.

सागवानात सूक्ष्म वाळूसारखा सिलिका असतो, त्यामुळे त्यावर धार लवकर बोथट होते. दर अर्ध्या तासानं पटाशी चामड्यावर ओढायची सवय लावा. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो, आणि जोर लावलेला हात निसटतो. हाताला होणाऱ्या जखमा बहुधा बोथट हत्यारानंच होतात.

जागा, धूळ आणि जीव

फ्लॅटमध्ये जागा कमी असते हे खरं. पण हातांच्या हत्यारांना एक भक्कम टेबल पुरतं. ते भिंतीला टेकवा म्हणजे रंधा मारताना सरकणार नाही. एका फळीच्या दोन टोकांना, एकीकडे वर आणि दुसरीकडे खाली, अशा दोन आडव्या पट्ट्या ठोका. खालची पट्टी टेबलाच्या कडेला अडकते आणि वरच्या पट्टीला टेकवून लाकूड कापता येतं. हे साधन करायला पंधरा मिनिटं लागतात आणि ते रोज लागतं. ठोकाठोकीची वेळ शेजाऱ्यांना विचारून ठरवा. दुपारी झोपणारी म्हातारी माणसं आणि रात्रपाळी करून आलेले कारागीर आपल्या वस्त्यांत बरेच असतात.

आता चार गोष्टी ज्यांत तडजोड करायची नाही.

लाकडाची बारीक धूळ साधी नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं लाकडाच्या धुळीचा समावेश माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींत केला आहे. पॉलिशपेपर मारताना एन-९५ मास्क लावा आणि खिडकी उघडी ठेवा. झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्यानं पुसा.

अँगल ग्राइंडरला लाकूड कापायचं दातेरी पातं लावू नका. रस्त्यावरच्या कामात हे सर्रास दिसतं. तरीही नको. पातं लाकडात अडकलं की ग्राइंडर उसळतो आणि त्याला थांबवायला हाताकडे वेळ नसतो.

फिरणाऱ्या यंत्राजवळ हातमोजे, ओढणी, सैल बाही, मनगटातला दोरा, काहीही नको.

अळशीचं तेल लावलेलं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल सुकताना उष्णता सोडतं आणि गोळा केलेल्या फडक्याला आपोआप आग लागू शकते. सुरतेच्या उन्हाळ्यात तर हे आणखी लवकर होईल. फडकं पाण्यात भिजवा, किंवा बाहेर दोरीवर पसरून पूर्ण वाळवा आणि मगच टाका.

पहिला पाट, पायरीपायरीनं

पाटच का? कारण त्यात सगळं आहे. फळ्या जोडणं आहे, सपाट करणं आहे, काटकोन आहे, आणि लाकडाच्या चालण्याशी जुळवून घेणंही आहे. शिवाय घरात त्याला जागा आहे. खान्देशातून सुरतेत आलेल्या आपल्या मराठी घरांत आजीची काठवट आणि पाट अजून माळ्यावर असतात; मोजमाप घ्यायला तेच काढा.

साधारण ४५ सेंटिमीटर लांब, ३४ सेंटिमीटर रुंद, अडीच सेंटिमीटर जाड पाट धरू. एवढी रुंद एकच फळी मिळणं कठीण, म्हणून तीन फळ्या जोडू.

आधी प्रत्येक फळीची एक बाजू सपाट करा. फळीला पीळ आहे का हे पाहायला दोन सरळ पट्ट्या तिच्या दोन टोकांवर आडव्या ठेवा आणि डोळा खाली आणून एकीमागून दुसरी पाहा. दोन्हींच्या वरच्या कडा समांतर दिसल्या पाहिजेत. एक कोपरा उचललेला दिसला तर तिथेच रंधा मारा. रंधा नेहमी रेषेच्या चढत्या दिशेनं. लाकूड खडबडीत उपटून यायला लागलं तर दिशा उलटी आहे, फळी फिरवा.

मग कडा. जोडायच्या दोन फळ्या पुस्तक मिटल्यासारख्या एकमेकींवर ठेवून दोघींच्या कडांना एकत्रच रंधा मारा. रंधा किंचित तिरका धरला गेला तरी उघडल्यावर एकीचा तिरकेपणा दुसरीत भरून निघतो आणि जोड सपाट बसतो. दोन्ही कडा गोंदाशिवाय एकमेकींना लावून उजेडासमोर धरा. फटीतून उजेड दिसता कामा नये.

पुढे कधी सागवान वापरलंत तर लक्षात ठेवा, ते तेलकट असतं. रंधा मारल्यानंतर लगेच, त्याच दिवशी फेव्हिकॉल लावा, म्हणजे जोड धरतो. क्लॅम्प आवळताना फटीतून गोंदाचे बारीक थेंब सारख्या अंतरावर बाहेर आले की दाब बरोबर आहे. बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्यानं चोळू नका, तो रेषांत शिरून पॉलिशखाली डाग पडतो. थोडा घट्ट होऊ द्या आणि पटाशीनं उचला. रात्रभर ठेवा, पावसाळ्यात पूर्ण दिवस.

आता माझी चूक जिथे झाली ती जागा. खालच्या दोन पट्ट्यांच्या रेषा फळीच्या रेषांना आडव्या असतात. पट्टी लांबीत हलत नाही, पाट रुंदीत हलतो. दोघांना गोंदानं बांधलं की त्यांची ओढाताण सुरू होते. म्हणून पट्टीला गोंद लावायचा नाही. मधला एक स्क्रू साध्या भोकातून घट्ट. बाजूच्या दोन स्क्रूंसाठी पट्टीत गोल भोक नको, पट्टीच्या लांबीच्या दिशेनं सहा-सात मिलिमीटरची लांबट खाच हवी. शेजारी शेजारी दोन भोकं पाडून मधला भाग ६ मिलिमीटरच्या पटाशीनं काढला की खाच तयार. स्क्रूखाली वायसर घाला, पूर्ण आवळा आणि मग पाव फेरा सैल करा. आता पाट मध्यापासून दोन्ही बाजूंना मोकळेपणानं फुगेल आणि आकसेल. जुने सुतार हेच काम स्क्रूशिवाय करत. पट्टीला वर रुंद, खाली अरुंद अशी कड देऊन ती पाटाच्या पाठीतल्या तशाच खाचेत सरकवत. तुमचा हात बसला की तेही करून पाहा.

शेवटी वरच्या कडा रंध्यानं किंचित मोडा. मांडी घालून बसणाऱ्याला टोकेरी कड टोचता कामा नये.

पॉलिश

बसायच्या किंवा पूजेच्या पाटाला चपडा लाख पुरेशी आहे. पंचवीस ग्रॅम चपडा पाव लिटर पॉलिशच्या स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवा आणि सुती कापडातून गाळून घ्या. मऊ कापडाच्या बोळ्यानं पातळ हात द्या, रेषेच्या दिशेनं, एकाच फटक्यात. सुकला की बारीक पॉलिशपेपर हलकेच फिरवा आणि पुढचा हात. सहा-सात पातळ हात एका जाड हातापेक्षा कितीतरी चांगले. लाख पावसाळ्यात लावली तर हवेतल्या ओलाव्यानं पांढुरकी पडते, म्हणून ते काम कोरड्या दिवसांसाठी ठेवा. पाण्याचं भांडं ठेवलं तरी लाखेवर पांढरा डाग पडतो. आंघोळीचा पाट असेल तर लाखेऐवजी अळशीच्या तेलाचे पातळ हात द्या. पोळपाटाला आणि सुरी चालणाऱ्या फळीला मेडिकलमध्ये मिळणारं लिक्विड पॅराफिन लावा. ते खवट होत नाही.

सुरतेचं सुतारकामाचं वर्ष

कामाचं वेळापत्रक ऋतूंवर बांधा. जून ते सप्टेंबर धार लावणं, नकाशे काढणं, पाईनच्या तुकड्यांवर सांध्यांचा सराव. हत्यारांना मशीनचं तेल लावून ठेवा. समुद्राकडच्या ओल्या हवेत एका रात्रीत गंज धरतो. फळ्या जमिनीपासून वर आणि भिंतीपासून चार बोटं लांब.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा आपल्याकडे असतेच. तो दिवस खऱ्या अर्थानं हत्यारांचा करा. आदल्या दिवशी सगळी पाती काढा, गंज घासा, पाठी तपासा, लाकडी मुठींना तेल द्या. हळदकुंकू धारदार पात्याला लागू द्या.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी मोठ्या कामांचे आणि पॉलिशचे महिने. मार्चपासून सकाळी लवकर काम करा. उन्हाळ्यात लाकूड सगळ्यात कोरडं असतं. खणाची पेटी तेव्हा अगदी घट्ट बसवली तर ती आषाढात उघडणार नाही. खणाच्या उंचीत दोन मिलिमीटर मोकळीक ठेवा.

डोळे तयार करा

हात तयार होण्याआधी डोळे तयार व्हावे लागतात, आणि त्यासाठी सुरतेला तोड नाही. शाहपोरमधल्या चिंतामणी पार्श्वनाथ मंदिरात जाऊन लाकडी खांब आणि कोरीवकाम सावकाश पाहा. सांधे कुठे आहेत, रेषा कोणत्या दिशेनं धावतात, खांबात कुठे चीर गेली आहे आणि कुठे नाही, हे शोधा. जुन्या सुरतेतल्या गल्ल्यांत उरलेल्या लाकडी दर्शनी भागांपुढेही असंच थांबा.

मग सादेली पाहा. ही सुरतेची खास कला. वेगवेगळ्या रंगांच्या लाकडाच्या आणि पूर्वी हस्तिदंताच्याही त्रिकोणी काड्या एकत्र चिकटवून एक कांडी करतात. तिचा छेद घेतला की चांदणीसारखी नक्षी दिसते. त्या कांडीचे पापडासारखे पातळ काप कापून सागवानी पेटीवर एकाला एक लावून चिकटवतात. एका पेटीवर असे शेकडो काप असतात आणि त्यांच्या सांध्यात केस शिरत नाही. ‘पेटीगरा’ हे आडनाव इथे अजून ऐकू येतं, ते पेट्या करणाऱ्यांचं. आता हे काम करणारे फार थोडे उरले आहेत. त्यांची पेटी विकत घेता आली तर घ्या. नाही जमलं तरी काम पाहून या.

या मातीतून गेलेल्या लाकडाच्या आणि माणसांच्या वाटाही लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. लवजी नसरवानजी वाडिया हे सुरतेचे जहाज बांधणारे सुतार १७३६ मध्ये मुंबईला गेले आणि तिथल्या गोदीची परंपरा त्यांच्या घराण्यानं उभी केली. त्यांच्या वंशजांनी मुंबईत सागवानातून बांधलेलं ‘त्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज १८१७ मध्ये पाण्यात उतरलं आणि आज दोनशे वर्षांनंतर इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तरंगतं आहे. डांगच्या सागासाठी बडोद्याच्या गायकवाडांच्या राज्यात बिलीमोरा ते वघई अशी ६३ किलोमीटरची अरुंद लोहवाट १९१३ मध्ये सुरू झाली. आणि सुरतेच्या सुतार घराण्यात जन्मलेल्या प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांनी महाराज सयाजीरावांच्या पाठिंब्यानं १८९० मध्ये बडोद्याला कलाभवन उभं केलं, जिथे हातांची विद्या देशी भाषेतून शिकवली जाई. दादासाहेब फाळके तिथेच शिकले. हाताचं काम हे बुद्धीचंच काम आहे, हा विचार त्या संस्थेच्या पायाशी होता. आपल्या छोट्या टेबलापाशी उभं राहताना त्याची आठवण बळ देते.

सोबत शोधा

एकट्यानं शिकणाऱ्याची चूक त्याच्या ध्यानातच येत नाही. माझ्या पाटाच्या पट्ट्या कोणी जाणत्यानं स्क्रू आवळण्याआधी पाहिल्या असत्या, तर ती चीर पडली नसती. म्हणून दोन-चार हौशी माणसं जमवा. महिन्यातल्या एका रविवारी एकाच्या गच्चीवर भेटा. लांब क्लॅम्प, मोठा रंधा, धारेचे महागडे दगड वाटून घ्या. प्रत्येकानं सगळं विकत घ्यायची गरज नसते.

प्रश्न विचारायचीही रीत असते. ‘माझा जोड सुटला, काय करू?’ याला कोणीच नीट उत्तर देऊ शकत नाही. लाकूड कोणतं, कधी आणलं, जाडी किती, गोंद कोणता, किती वेळ क्लॅम्प लावला, हे आधी सांगा. फोटो दाखवायचा असेल तर पूर्ण वस्तूचा एक आणि दोषाचा अगदी जवळून एक, बाजूनं उजेड पडेल असा. आणि दुसऱ्याची वस्तू पाहताना आधी त्यानं काय साधलं ते बोला, मग एकच सुधारणा सुचवा. सहा सुचवल्या तर पुढच्या वेळी तो वस्तू आणणारच नाही.

शेजारच्या फर्निचरच्या कामावरचा मिस्त्री हा तुमचा सगळ्यात मोठा गुरू असू शकतो. आपल्या शहरात राजस्थानातून आलेले कितीतरी कुशल सुतार आहेत. त्यांचा कामाचा वेळ हा त्यांच्या पोटाचा वेळ आहे, हे विसरू नका. चहाच्या सुट्टीत जा, एकच प्रश्न घेऊन जा, आणि शिकायचं असेल तर एखाद्या सुट्टीच्या दिवसाचे पैसे देऊन बोलवा. त्यांना शिकवायला आवडतं, असा माझा अनुभव आहे. आजवर त्यांना फार कोणी विचारलेलं नसतं.

माझा चिरलेला पाट मी टाकला नाही. स्क्रू काढले, पट्ट्यांचा गोंद पटाशीनं सोडवला, चिरेच्या ठिकाणी पाट पूर्ण कापून दोन्ही कडांना पुन्हा रंधा मारला आणि जोडला. पट्ट्यांना लांबट खाचा पाडल्या. पाट आता आधीपेक्षा थोडा अरुंद आहे. त्याच्या पाठीवर मी पेन्सिलीनं रुंदी लिहून ठेवतो, श्रावणात एकदा आणि चैत्रात एकदा. श्रावणात ३३४ मिलिमीटर, चैत्रात ३३१. पुन्हा श्रावणात ३३४. पाच वर्षांच्या नोंदी आहेत आणि चीर नाही. तुमचा पहिला पाट झाला की त्याच्या पाठीवरही तारीख आणि रुंदी लिहा. भाऊबीजेला त्याच्याभोवती रांगोळी निघेल, कोणीतरी त्यावर ओवाळून घ्यायला बसेल. आणि चैत्रात तुम्ही पाट उलटा करून मोजपट्टी लावाल, तेव्हा ते तीन मिलिमीटर कुठे गेले हे तुम्हाला नेमकं ठाऊक असेल.